बिनव्हिशाचा टुटा

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला एखादा लालबुंद टोमॅटो देठापाशी निरखून बघा. टाचणी टोचल्यासारखं भोक दिसलं, तर समजा आत ‘टुटा’ची अळी मुक्काम करून गेली आहे.

टुटा हा पतंग, जेमतेम पाच ते सात मिलिमीटरचा. करडा-तपकिरी, पंखांवर काळे ठिपके, दिवसभर पानांआड गप्प. मूळ गाव दक्षिण अमेरिका! पेरू देशातल्या हुआन्कायोच्या पतंगावरून १९१७ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं एडवर्ड मेरिक यांनी. हे मेरिक पेशाने इंग्लंडातले शाळामास्तर. वर्ग सांभाळून त्यांनी १० हजारांहून अधिक पतंगांची बारशी केली. (हजेरीपट केवढा असेल!)

टुटा २००६ मध्ये स्पेनला पोचला आणि २०१४ मध्ये थेट महाराष्ट्रात. भारतातली पहिली नोंद पुण्याची. तिथून नाशिकच्या टोमॅटोपट्ट्यात यायला कितीसा वेळ? रोपं, फळं, क्रेट, सगळी वाहनं फुकट.

अळीची राहण्याची सोय तर झकास. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरायचं, मधला हिरवा गर खायचा. घरही तेच, जेवणही तेच आणि वरून मारलेला फवारा आत सहज पोचत नाही. पानावर बारीक नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी, म्हणजे एका माशीचं पोर. पसरट, पारदर्शक चट्टा दिसला तर टुटा. ही ओळख चुकली की औषधाचे पैसे पाण्यात.

मादी आयुष्यात २६० पर्यंत अंडी घालते आणि उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार. शेतकरी कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाला भुलून नर येतात आणि अडकतात. पण टुटाची मादी वस्ताद! नराशिवायही तिने घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेव्हा सापळ्यात नरांचा खच पडला म्हणून निर्धास्त होऊ नका.

सापळ्यांच्या जोडीला एक मदतनीस आहे: टुटाच्या अंड्यांतच स्वतःची अंडी घालणारी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी, एक मिलिमीटरहूनही लहान. तिची पिल्लं वाढत असलेली अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डं मिळतात.

आणि किडकी फळं, पानं तोडलीत तर बांधावर फेकू नका. त्यातूनच पतंग निघून पुन्हा प्लॉटवर येतात. पुरून टाका, खोल.