गाडीतले ओरखडे घालवताना श्वास सांभाळा

जुनी गाडी विकायची ठरली किंवा दिवाळीची साफसफाई निघाली, की डॅशबोर्डवरचे आणि दाराच्या आतले पांढरट ओरखडे डोळ्यांत खुपू लागतात. मग पॉलिश पेपर, थिनर, हीट गन असे उपाय सुचतात. पण हे काम गाडीच्या आत, जेमतेम कपाटाएवढ्या जागेत करायचे असते, हे लक्षात येत नाही.

ओरखडा पांढरा दिसतो, तो बहुतेक वेळा रंग उडाल्यामुळे नव्हे. तेथे प्लास्टिक खडबडीत होते आणि प्रकाश विखुरतो. म्हणून हलक्या ओरखड्यांसाठी पहिला उपाय साधा: साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या आणि पाण्यावर आधारित ट्रिम ड्रेसिंग कापडाने चोळा. ओरखडे बरेच झाकले जातात. स्टिअरिंग, गिअर आणि पेडल यांना मात्र ड्रेसिंग लावू नका, हात-पाय घसरतात.

खोल ओरखड्यांसाठी घासावे लागते. कोरडे घासल्यास बारीक धूळ उडते. पट्टी खोलून बाहेर काढा, पेपर पाण्यात भिजवून घासा आणि एन-९५ मास्क लावा. हा मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही.

थिनरमध्ये बहुधा टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली, पायांपाशी साठते आणि आपण तर तेथेच वाकून घासत असतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणे. ‘ऊन लागले असेल’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. असे वाटताच काम थांबवून मोकळ्या हवेत या. पेट्रोलने पुसणे तर पूर्ण टाळा. त्यात आगीचा धोका आहेच, शिवाय रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असलेले बेंझिनही असते.

हीट गनची हवा काहीशे अंश सेल्सिअस तापते, तर गाडीत सर्रास वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते. पीव्हीसी जास्त तापले तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो नाक-घसा जाळतो आणि दम्याच्या रुग्णाला झटका आणू शकतो. एअरबॅगच्या झाकणावर तर उष्णता, घासणे, रंग यांपैकी काहीच नको. ते ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते.

हार्डनर मिसळायचा रंग फवारायचा असेल, तर काम कारागिराकडेच द्या. अशा अनेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उरलेले थिनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूल ते पाणी समजून पिते. तसे झाल्यास उलटी काढू नका, दूधही पाजू नका. उलटीबरोबर थिनर फुप्फुसात उतरते आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. मूल ठीक दिसले तरी लगेच रुग्णालयात न्या, कारण खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते. मूळ डबा सोबत आणा; आत काय होते हे कळले, की उपचार ठरवणे सोपे जाते.