दर्या, दऱ्या आणि हातांतलें यंत्र

मिरजेच्या तंबोऱ्यांची कीर्ति सर्वदूर आहे. तेथील सतार व तंबोरा या वाद्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु तंबोरा कितीही निष्णात कारागिराच्या हातचा असला, तरी तो घरीं आणल्याबरोबर गाणाऱ्याच्या गळ्याशीं जुळतो असें नाहीं. गायक खुंट्या पिळतो, मणी सरकवितो आणि घोडीवर तारेखालीं सुताचा धागा घालून, तो केसभर मागेंपुढें करीत, जवारी खुलवितो. हें करतांना आपण कारागिराच्या कामांत ढवळाढवळ करीत आहों असें त्याच्या मनांतही येत नाहीं. कारागिरानें खुंट्या व मणी ठेवलेले असतात ते त्याकरितांच.

तंबोऱ्याच्या बाबतींत जें सर्वांना उघड दिसतें, तेंच खिशांतल्या मोबाइलच्या किंवा मेजावरील संगणकाच्या बाबतींत पुष्कळ सुशिक्षित घरांतून कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. यंत्र दुकानांतून जसें आलें, तसेंच तें वापरावयाचें, अशी समजूत रूढ झाली आहे. अक्षरें बारीक दिसलीं, तर मनुष्य चष्म्याचा नंबर तपासून घेतो. यंत्र रात्रीं-अपरात्रीं किणकिणलें, तर तो कूस बदलतो. आणि हवें तें अक्षर कळफलकावर सांपडलें नाहीं, तर तो आपलें शुद्धलेखनच बदलून टाकतो.

हें शेवटचें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून नित्य घडणारें एक उदाहरण घेणें बरें. लग्नघरांतून मोबाइलवर निरोप सुटतो: ‘आचार्यांना पहाटे पांच वाजतां बोलवा.’ आतां बोलवावयाचें कोणाला? शास्त्र सांगणाऱ्या आचार्यांना, कीं जिलबी तळणाऱ्या आचाऱ्यांना? लिहिणाऱ्याच्या मनांत स्वयंपाकीच होता. परंतु त्याच्या कळफलकावर त्याला ‘र्य’ मिळाला, ‘ऱ्य’ मिळाला नाहीं, आणि घाईच्या वेळीं त्यानें मिळालें तें घेतलें.

मराठींत ‘र’ हें अक्षर चार वेशांत वावरतें. ‘कर्म’ या शब्दांत तें रफार होऊन डोक्यावर बसतें, ‘चक्र’ यांत तिरपी रेघ होऊन पायाशीं येतें, ‘राष्ट्र’ यांत तें खालीं लहानशा छपरासारखें दिसतें, आणि ‘तऱ्हा’ यांत तें मिटलेल्या डोळ्याच्या पापणीसारखें आडवें होतें. हा चौथा वेश मराठीचा विशेष होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तो शब्द उच्चारतांना ‘द’वर आघात येतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. तेथें ‘द’वर आघात नाहीं. संस्कृतांतून जशाच्या तशा आलेल्या कार्य, सूर्य, आचार्य या शब्दांना रफार शोभतो. शेतकऱ्याचा, वाऱ्यावर, पायऱ्यांशीं, कोऱ्या वहींत, या मराठी सामान्यरूपांना पापणीचा र लागतो. वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड हे शब्द तर त्याच्याशिवाय लिहितांच येत नाहींत.

एका माणसानें एका निरोपांत केलेली तडजोड क्षुल्लक असते. परंतु तीच तडजोड घरोघरीं, दिवसांतून अनेकदां होऊं लागली म्हणजे वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना चुकीचें रूपच सवयीचें होतें. पुस्तकांत ‘दऱ्याखोऱ्या’ आणि निरोपांत ‘दर्याखोर्या’ पाहणाऱ्या मुलाला या दोहोंतील फरक केवळ सजावटीचा वाटेल, आणि फरक सजावटीचा वाटला कीं तो गळून पडण्यास वेळ लागत नाहीं. कोणीही आज्ञा न करितां, कोणत्याही पंडितसभेनें ठराव न करितां, केवळ यंत्राच्या एका गैरसोयीनें भाषेचा एक उच्चारभेद लेखनांतून पुसला जाऊं शकतो. म्हणून ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

विशेष असें कीं, तें अक्षर यंत्रांत नाहीं असें मुळींच नाहीं. संगणकाला अक्षरें ओळखतां येत नाहींत. त्याला अंक समजतात. जगांतील लिपींमधील प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याची जी सर्वमान्य पद्धति आहे, तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि देवनागरीचा समावेश तींत आरंभापासून आहे. तींत साधा ‘र’ आणि खालीं टिंब असलेला ‘ऱ’ यांना निरनिराळे क्रमांक आहेत. टिंबाचा ‘ऱ’ हा मराठी वर्णमालेंतला नव्हे. द्राविडी भाषांतील एक विशिष्ट उच्चार देवनागरींत दाखवितां यावा म्हणून त्याची योजना आहे. मात्र त्याचा पाय मोडून पुढें ‘य’ किंवा ‘ह’ ठेवला, कीं टिंब नाहींसें होऊन पापणीचा र उमटतो. दुसरीही एक वाट आहे. साध्या ‘र’चा पाय मोडून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घातलें, तरी तेंच रूप दिसतें. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच. परंतु आंतील अंक वेगळे असल्यामुळें यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटूं शकतात. एका वाटेनें लिहिलेलें ‘कऱ्हाड’ दुसऱ्या वाटेनें शोधूं गेल्यास सांपडेलच असें नाहीं. तेव्हां पहिली वाट धरावी आणि घरांतील सर्वांनीं तीच धरावी, हें सोयीचें.

मग हें अक्षर हाताशीं कां येत नाहीं? याचें कारण यंत्राच्या मूळ मांडणींत आहे. मूळ मांडणी म्हणजे सृष्टिनियम नव्हे. ती कोणीतरी, कोणत्यातरी काळीं केलेली निवड असते. इंग्रजी कळफलकाची आज सर्वत्र दिसणारी मांडणी क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८७० नंतरच्या दशकांत टंकलेखनयंत्राकरितां बसविली. पुढें १९३६ सालीं ऑगस्ट ड्व्होरॅक व विल्यम डीली यांनीं निराळ्या मांडणीचें पेटंट घेतलें. ती मांडणी आज बहुतेक संगणकांत निद्रिस्त असतेच. फक्त ती निवडावी लागते. मराठीलाही असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. कोणी जुन्या टंकलेखनयंत्राच्या सवयीनें लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरें दाबून उच्चाराप्रमाणें मराठी उमटवितो, आणि कोणी इनस्क्रिप्ट वापरतो. इनस्क्रिप्टमध्यें सामान्यतः डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजनें असतात. एका लिपींत ज्या कळेवर ‘क’ आहे, त्याच कळेवर इतर भारतीय लिपींतही ‘क’च असतो, त्यामुळें एकदां हात बसला कीं गुजराती किंवा कानडी लिहिणें फारसें अवघड राहत नाहीं. या मांडणींत इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या कळेवर ‘र’ आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली कीं ‘ऱ’ येतो. नंतर ‘डी’च्या कळेवरील हलन्त आणि मग ‘य’. झाला ‘ऱ्य’! कांहीं मोबाइलांवर ‘र’ची कळ क्षणभर दाबून धरल्यास ‘ऱ’ वर येतो. तो तेथून उचलावा.

याहून सोपी एक युक्ति पुष्कळांना माहीत नसते. मोबाइलमध्यें व संगणकावरील लेखनाच्या आज्ञावलींत स्वतःचा लहानसा शब्दकोश ठेवण्याची सोय असते. त्यांत एका बाजूस संक्षेप किंवा नेहमींचा चुकीचा शब्द आणि दुसऱ्या बाजूस इष्ट शब्द लिहून ठेवला, म्हणजे यंत्र आपण होऊन दुरुस्ती करतें किंवा निदान योग्य शब्द पुढें करतें. ‘शेतकर्याचा’ लिहिलें असतां ‘शेतकऱ्याचा’ व्हावें, असें सांगून ठेवतां येतें. मात्र येथें थोडा विवेक हवा. जो शब्द कोठेंही बरोबर असूं शकत नाहीं, त्याचीच नोंद करावी. ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे शब्द त्या यादींत घालूं नयेत. नाहींतर समुद्राच्या दऱ्या होतील आणि गुरुजींच्या हातीं झारा येईल.

अक्षराच्या रूपाविषयींही असेंच आहे. मराठी वाचकास पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सवयीचे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयांतही मराठीकरितां हींच रूपें सांगितलीं आहेत. तरी पडद्यावर पुष्कळदां हिंदी वळणाचीं रूपें दिसतात. अनेक चांगल्या फाँटांत दोन्ही रूपें भरलेलीं असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे अशी खूण केली, कीं यंत्र मराठी वळण उचलतें. तीच खूण ‘हिंदी’ अशी राहिली, तर हिंदी वळण येतें. म्हणजे दोष फाँट काढणाऱ्याचा नसून, भाषा सांगावयाची राहून गेली, एवढाच असतो.

वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनें आणखी कांहीं खुंट्या महत्त्वाच्या आहेत. अक्षरांचा आकार वाढवितां येतो, पार्श्वभूमि गडद करितां येते, आणि लिहिलेला मजकूर यंत्राकडून वाचून घेतां येतो. एका कानानें कमी ऐकूं येत असेल, तर दोन्ही कानांचा ध्वनि एकत्र करून चांगल्या कानाला सर्व ऐकवितां येतें. ज्यांचा हात कांपतो, त्यांची बोटें पडद्यावर जरा जास्त टेकतात आणि यंत्र भलताच अर्थ काढतें. ‘दाबून धरणें’ म्हणजे किती वेळ, हेंही यंत्राला सांगतां येतें. हीं सर्व कलमें ‘सेटिंग्ज’मधील सुगम्यता किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरांत असतात. ‘आजोबांना यंत्र जमत नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं घरांतील तरुणांनीं तें सदर एकदां उघडून पाहिलें, तर तें वाक्य पुष्कळदां उलटें करून म्हणावें लागेल: यंत्राला आजोबा जमलेले नाहींत.

परंतु यंत्र करणाऱ्यानें खुंटीच ठेवली नसेल तर? या प्रश्नाला इतिहास आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास नवें छपाईयंत्र आलें. तेथें काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनीं पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलींत अशी सुधारणा केली होती कीं, कागद अडकला तर छपाईची वाट पाहणाऱ्यांना आपोआप सूचना जावी. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र देण्यांत आली नव्हती. त्यामुळें हाताशीं विद्या असूनही दुरुस्ती करतां येईना. ती आज्ञावली ज्याच्यापाशीं होती अशा एका संशोधकाकडे स्टॉलमन यांनीं ती मागितली. परंतु त्यानें गुप्ततेचें वचन दिलें असल्यानें नकार दिला. पुढें १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं सर्वांस मुक्त असलेली संगणकव्यवस्था उभारण्याचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरणें, तिचा अभ्यास करून ती बदलणें, ती दुसऱ्यास देणें आणि बदललेली आवृत्तिही वांटणें, हीं चार स्वातंत्र्यें त्या चळवळीचा पाया होत.

या चळवळीचा घरगुती लाभ असा कीं, प्रत्येकानें आज्ञावली लिहावयास शिकण्याची गरज राहत नाहीं. एकानें केलेली सुधारणा शंभरांना वापरतां येते. कळफलकाची मांडणी म्हणजे अखेर कोणत्या कळेनें कोणतें अक्षर उमटावें, याचें एक कोष्टकच असतें. कीमॅन नांवाचें साधन १९९३ सालीं लाओ भाषेच्या लेखनाकरितां प्रथम तयार झालें; आज तें मुक्त असून, त्यावर आपल्या भाषेला सोयीचें कोष्टक कोणालाही रचतां येतें. एखाद्या मराठी शिक्षकानें ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एका कळेवर आणून ठेवले, तर ती मांडणी त्याच्या सर्व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल.

या उद्योगांत तीन पथ्यें पाळावींत. पहिलें, एका वेळीं एकच बदल करावा आणि पूर्वीची स्थिति वहींत टिपून ठेवावी, म्हणजे परत फिरतां येतें. दुसरें, मोठा बदल करण्यापूर्वीं आपल्या लेखनाची व छायाचित्रांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. तिसरें सर्वांत महत्त्वाचें: अनोळखी ठिकाणाहून आणलेला कळफलक यंत्रांत बसवूं नये. कळफलकाला आपण लिहिलेलें प्रत्येक अक्षर दिसतें. त्यांत बँकेचे परवलीचे शब्दही येतात.

गवयी तंबोरा एकदांच लावून मोकळा होत नाहीं. हवा दमट झाली, तार बदलली किंवा साथीला दुसरा गळा आला, कीं तो पुन्हां खुंटीला हात घालतो. घरांतील यंत्राकडेही वर्षांतून दोनचार वेळां असेंच पाहावें. एखाद्या सुटीच्या दिवशीं नातवानें आजीपाशीं बसावें, ‘सेटिंग्ज’ उघडावीं आणि आजीला विचारावें कीं, काय दिसत नाहीं, काय ऐकूं येत नाहीं, काय लिहितां येत नाहीं. त्याच बैठकींत आजीनें नातवाकडून ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द लिहवून घ्यावेत. दोघांचेंही काम होईल.