एका रात्रीचं रोम

दिवसभराची चाल संपत आली की रोमन फौजेतले काही अधिकारी आणि मोजणीदार पुढे निघत. पाण्याजवळची, चौफेर नजर टाकता येईल अशी जागा हेरून ते एक पांढरं निशाण रोवत. तिथे सेनापतीचा तंबू. बाकी सगळी मापं त्या निशाणापासून धरायची: रस्ते, तंबूंच्या रांगा, दरवाजे, भोवतीचा चर. मागून फौज पोचेपर्यंत भाले आणि लाल निशाणं रोवून अख्खा आराखडा जमिनीवर मांडलेला असे, आणि हजारो माणसं कोणालाही न विचारता आपापल्या जागी जात.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार रोममध्ये ओलीस होता. स्वतः घोडदळाचा सरदार असल्याने काय पाहावं हे त्याला कळत होतं. ग्रीक सेनापती डोंगर-ओढ्यांचा आडोसा पाहून तळ टाकत, म्हणजे खणण्याचे कष्ट वाचत. रोमन लोक मात्र कष्ट पत्करत, पण आराखडा बदलत नसत. आपल्याच गावी परतलेल्या माणसाला वेशीतून आत शिरल्यावर घर कुठल्या आळीत ते विचारावं लागत नाही, तसं हे, असं त्याला वाटलं.

कष्ट थोडेथोडके नव्हते. शिपाई शस्त्रांच्या जोडीला कुदळ, टोपली, करवत, कुऱ्हाड असं सामान वाहून नेई. चराची माती आतल्या अंगाला टाकून बांध, बांधावर खुंटांचं कुंपण. बांध आणि तंबू यांच्यामध्ये 200 फूट मोकळी जागा सोडलेली, म्हणजे शत्रूचे भाले-बाण तंबूंपर्यंत पोचू नयेत आणि रात्री लुटीतली गुरं तिथे बांधता यावीत. सम्राटांच्या काळात एका चामडी तंबूत आठ जण राहत. असे दहा तंबू म्हणजे सेंच्युरियन या अधिकाऱ्याची तुकडी. नावाला शंभराची, प्रत्यक्षात 80 माणसांची. चित्रपटवाले रोमच्या विजयाचं सगळं श्रेय तलवारीला देतात. पहिल्या शतकातला सेनापती कॉर्ब्युलो मात्र शत्रूला कुदळीने हरवायचं असतं असं म्हणे. बांधाचं काम करताना तलवार न लावलेल्या एका शिपायाला आणि नुसती कट्यार लावलेल्या दुसऱ्याला त्याने ठार केल्याची गोष्ट रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे. अतिशयोक्ती असावी, असं तोच म्हणतो.

खरी कमाल दिसते ती दिवस मावळल्यावर. परवलीचा शब्द तोंडी सांगत नसत. तो लाकडी पाटीवर लिहून छावणीच्या टोकाच्या तुकडीकडे जाई. तिथून साक्षीदारांसमोर पुढच्या तुकडीकडे, आणि अशा रीतीने हातोहात सगळ्या पाट्या अंधार पडण्याआधी अधिकाऱ्याकडे परत. एखादी आली नाही तर ती कुठे अडली, हे बाकीच्यांवरच्या खुणांवरून लगेच कळे. रात्रीचे चार प्रहर, प्रत्येक प्रहराला नवा पहारा. पहारेकऱ्याजवळ खुणेची छोटी पट्टी असे. गस्तीचा स्वार आला की जागा असलेला माणूस ती त्याच्या हाती देई. झोपलेला दिसला तर स्वार त्याला उठवतही नसे. सोबत्यांना साक्षी ठेवून पुढे जाई. सकाळी पट्ट्या मोजल्या जात. दोषी ठरलेल्याला अधिकारी सोट्याने नुसता स्पर्श करी, आणि मग सगळी छावणी काठ्या-दगड घेऊन त्याच्यावर तुटून पडे. त्यातून जगला तरी घरचे त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. क्रूर होतंच; पण मला जास्त थक्क करते ती कारकुनी. झोपेचा पुरावासुद्धा लेखी!

छावणी अर्धवट असताना फौज सर्वांत दुबळी असे. इ.स.पू. 57 मध्ये साबिस नदीकाठी सीझरच्या सहा लीजन (रोमन फौजेच्या मोठ्या पलटणी) खणण्यात गुंतल्या असताना नेर्वी टोळीवाले समोरच्या रानातून धावून आले. शिरस्त्राण चढवायला, ढालींच्या खोळी काढायलाही सवड मिळाली नाही. जो तो दिसेल त्या निशाणाखाली जाऊन उभा राहिला, आणि सीझर हरता हरता वाचला.

इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन कापल्या गेल्या. सहा वर्षांनी दुसरा रोमन सेनापती जर्मेनिकस तिथे पोचला. पहिली छावणी ऐसपैस, मापात आखलेली: तीन लीजनांचं काम. पुढच्या जागी बांध ढासळलेला, चर उथळ. मधल्या वेळात किती माणसं उरली होती, ते त्या खणण्यावरूनच रोमनांनी ओळखलं.

आज स्कॉटलंडमध्ये पुरातत्त्वज्ञ विमानातून हेच काम करतात. बुजलेल्या चरात ओल टिकते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं आणि शेतात गोलसर कोपऱ्यांचा चौकोन उमटतो. एखादा कोपरा आणि दरवाजा सापडला की उरलेली छावणी कुठवर असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि क्षेत्रफळावरून फौज किती मोठी होती याचाही.