पाड्यापर्यंत पोचलेले औषध

दमणगंगेवरील मधुबन धरणाचा जलाशय डोंगरांच्या कुशीत जेथे पसरला आहे तेथे दुधनी वसलेली असून, सिल्वासापासून सुमारे 40 किलोमीटरांवरच्या या मुलखात वारली, कोकणा आदी लोकांचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले असल्यामुळे, छातीच्या दुखण्याचा इलाज हा येथे औषधाइतकाच अंतराचाही प्रश्न होऊन बसतो. फुप्फुसरोगांवरील उपचारांच्या गेल्या सात दशकांकडे मी याच ठिकाणाहून पाहतो.

ऑगस्ट 1954 मध्ये या भागातील, म्हणजे नगर हवेलीतील, पोर्तुगीज अंमल संपला, त्या सुमारास क्षयाच्या चिकित्सेतही मोठे स्थित्यंतर घडत होते. तोवर विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा यांवरच भिस्त असे, आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामात महिनोन्महिने राहणे हातावर पोट असणाऱ्याला दुरापास्तच होते. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनायझिड आले. परंतु 1956 पासून मद्रासेत झालेल्या अभ्यासाने, दाटीवाटीच्या गरीब घरांत राहून वर्षभर औषध घेणारे रुग्णही आरोग्यधामातल्यांच्या तोडीने बरे होतात, हे जे सिद्ध केले, त्याचे मोल मला या औषधांच्या शोधाहून तिळमात्र कमी वाटत नाही.

उपचार घरापर्यंत नेण्याचे तेच कार्य बालकांच्या न्यूमोनियाबाबत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केले. मोजणी फारशी न येणाऱ्या सुईणीसाठी त्यांनी एक साधन घडविले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याजवळ मण्यांची ओळ. बाळाची छाती दहा वेळा वरखाली झाली की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, गावातल्याच माणसांच्या हातून असा उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. ज्या आईला मूल पाठीशी बांधून डोंगर उतरावा लागतो, तिच्या दृष्टीने याहून थोर शोध मला ठाऊक नाही.

पुढची प्रगती वेगाने झाली. थुंकीतील क्षयजंतू आणि त्यांचा रिफॅम्पिसिन या औषधाला होणारा प्रतिरोध यंत्रावर सुमारे दोन तासांत कळू लागला. न्यूमोनिया घडविणाऱ्या न्यूमोकोकस जंतूविरोधी लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 2021 च्या कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचला. क्षयरुग्णाच्या आहारासाठी 2018 पासून मिळणारे दरमहा 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले.

तरीही खोकला अंगावर काढण्याची रीत अद्याप सुटलेली नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक वेळा चालू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.