खिडकी घेताना काच नको, चौकट बघा!

मैत्रिणींनो, घर बांधायला काढलं की आपण काय काय बघतो? ओट्याचा ग्रॅनाइट, फरशीचा रंग, देवघराची जागा. खिडक्यांची पाळी येते शेवटी, पैसे संपत आल्यावर! मग कुणीतरी म्हणतं, ‘स्लायडिंगच्या बसवू, दिसतातही छान नि जागा अडत नाही.’ काच निळी हवी की काळी, एवढंच घरातल्या बायकांना विचारलं जातं. बाकीचं बोलणं पुरुष मंडळी आणि ॲल्युमिनियमवाला यांच्यात होतं, तेही चौरस फुटाच्या भावापुरतं.

आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे अगदी असंच झालं होतं. त्यांचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. हॉलला सहा बाय चारची झकास खिडकी, खाली दिवाण. सासूबाई दुपारी तिथंच कलंडायच्या, वारा छान येतो म्हणून.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडलाही त्यानं झोडपलं. जाऊबाईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, खिट्ट्या घातल्या होत्या. त्या सांगतात, “अगं, आधी नुसती खडखड होती. मग मधली उभी पट्टी धनुष्यासारखी आत वाकायला लागली. डोळ्यांना दिसत होती वाकताना! मी आईंना उठवून आतल्या खोलीत नेलं आणि चहाचं आधण ठेवते न ठेवते, तोच धाडकन आवाज.” एक पल्ला वरच्या खाचेतून सुटून सरळ दिवाणावर पडला होता. साधी काच, तिचे सुरीसारखे लांब तुकडे उशीत रुतलेले. दहा मिनिटांचा फरक, बाकी काही नाही.

आम्हाला कराडात हे कळलं चौथ्या दिवशी, फोन लागला तेव्हा.

माझ्या डोक्यात मात्र ती वाकलेली पट्टी राहिली. लोखंडाचं दार वाकत नाही, मग ही खिडकी कशी वाकली? आमच्या गल्लीच्या टोकाला फॅब्रिकेशनची शेड आहे. तिथले चाचा तीस वर्षं हेच काम करतात. लॉकडाऊन सैल झाल्यावर एकदा त्यांच्याकडे जाळीचं काम घेऊन गेले आणि विचारलं. चाचांनी उत्तर दिलं नाही. टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचलली, आडवी धरून दाबली. वाकली. मग तीच पट्टी उभ्या कडेवर धरली. “आता दाबा, ताई.” तसूभर हलली नाही.

“पट्टी तीच, वजन तेच. ज्या दिशेनं जोर येतो त्या दिशेला रुंदी पाहिजे. खिडकीचं सगळं गणित एवढंच आहे.”

आता त्या गणितात थोडं शिरू या, कारण इथंच आपण फसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. निसर्गच्या वेळी हवामान खात्यानं झोताचा वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत सांगितला होता. त्या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ६८ किलोचा रेटा येतो. सहा बाय चारच्या खिडकीवर मिळून दीडशे किलो! तांदळाची पन्नास किलोवाली तीन पोती काचेवर रेलून ठेवल्यासारखं. त्यातला निम्मा भार कुठं जातो माहीत आहे? दोन पल्ले जिथं एकमेकांत अडकतात त्या मधल्या उभ्या पट्टीवर. तिला इंटरलॉक म्हणतात. कडेच्या पट्ट्यांना भिंतीतल्या चौकटीचा आधार असतो, पण मधलीला फक्त वर आणि खाली. चार फूट उंचीची ती एकटी बाई मधोमध उभी राहून पाऊणशे किलो पेलत असते म्हणा ना.

आणि हे फक्त कोकणातलं नाही बरं का. इमारतींसाठी वाऱ्याचं जे भारतीय मानक आहे त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर वेग धरायला सांगितला आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. वळवाच्या वावटळीत पत्रे उडालेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यात आणखी एक गोम आहे. खिडकी फुटली की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून वारा छपराला ओढत असतोच. म्हणजे आधी खिडकी जाते, मग पत्रे जातात. खिडकीवर वाचवलेले दोन-तीन हजार तिथं वसूल होतात!

मग मजबूत खिडकी म्हणजे काय? लोखंडाच्या मानानं ॲल्युमिनियम वजनाला जेमतेम एकतृतीयांश, पण त्याच आकाराची पट्टी केली तर ते वाकतंही तिप्पट. गंजून झडत नाही म्हणून आपण ते घेतो. वाकू नये म्हणून त्याला आकार द्यावा लागतो. आतून पोकळ, पण रस्त्याकडून घराच्या आत अशी मोजली तर रुंद पट्टी. भरीव पट्टीची ही रुंदी दुप्पट केली तर तिचं वाकणं आठपटीनं कमी होतं. दुकानात ‘पाऊण इंची सेक्शन’, ‘एक इंची सेक्शन’ अशी नावं ऐकू येतील. लहान बाथरूमला पाऊण इंची चालेल. हॉलच्या मोठ्या खिडकीला तेच लावलं की जाऊबाईंच्या खिडकीसारखं होतं.

दुसरी फसगत पत्र्याच्या जाडीत. दिसायला दोन्ही सेक्शन सारखेच, पण एकाच्या भिंती एक मिलिमीटरपेक्षा बारीक आणि दुसऱ्याच्या दीड मिलिमीटर. बाहेरून कळत नाही, आणि चौरस फुटाच्या भावात तर मुळीच नाही. चाचांनी यावर सोपी युक्ती सांगितली. ॲल्युमिनियम कारखान्यातून किलोवर येतं. म्हणून विचारायचं, ‘या सेक्शनच्या बारा फुटी लांबीचं वजन किती?’ दोन फॅब्रिकेटरांकडे त्याच आकाराचं वजन विचारलं की हलकं कोण देतंय ते लगेच कळतं. कापलेला तुकडा हातात घेऊन कडेनं बघा, नाहीतर दोन बोटांनी दाबा. दबला तर तिथून निघा! मी स्वतः मोठ्या खिडकीला दीड मिलिमीटरच्या खाली जाणार नाही, मग खिडक्यांची संख्या एकानं कमी करावी लागली तरी चालेल.

पल्ला सुटून पडला तो वेगळ्या कारणानं. स्लायडिंगचा पल्ला बसवतानाच वरच्या खाचेत ढकलून, उचलून, खाली सोडलेला असतो. म्हणजे तसाच उचलून काढताही येतो. चोरांना हे आपल्या आधी माहीत! चौकट वाकली किंवा वरची खाच उथळ असली तर वाराही तेच करतो. त्यावर वरच्या खाचेत एक छोटा अडथळ्याचा तुकडा बसवतात, मग पल्ला उचलला जात नाही. शंभर-दोनशे रुपयांचं काम, पण मागितल्याशिवाय कुणी बसवत नाही.

आणि एवढं सगळं करून चौकट भिंतीलाच नीट धरलेली नसेल तर? काही ठिकाणी चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारतात आणि फटी सिमेंटनं लिंपतात. स्क्रू कोपऱ्यापासून सहा इंचांच्या आत आणि मग दर दोन फुटांना एक हवा. तोही स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या, दमट हवेत साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकला की ते ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. ओल्या सिमेंटनंही त्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून प्लास्टर संपेपर्यंत चौकटीवरची चिकटपट्टी काढू देऊ नका. फटीत सिमेंट नको, सिलिकॉन हवं. उन्हात सहा फुटी चौकट दीड-पावणेदोन मिलिमीटर लांबते आणि रात्री आखडते. सिलिकॉन ताणलं जातं, सिमेंटला चीर पडते. त्या चिरेतून पहिल्याच पावसात भिंत ओली!

पावसाचंच बोलायचं तर एक गोष्ट कबूल करायला हवी. स्लायडिंगची खिडकी जुन्या कवाडासारखी घट्ट मिटत नाही. सरकायचं तर थोडी ढील हवीच. त्यामुळे पाणी खालच्या ट्रॅकमध्ये येणारच. प्रश्न एवढाच की ते परत बाहेर जातं का? त्यासाठी ट्रॅकला बाहेरच्या अंगाला भोकं पाडलेली असतात, आणि ट्रॅकची आतली कड बाहेरच्यापेक्षा उंच असावी लागते. खालचा कडाप्पा बाहेरच्या बाजूला उताराचा हवा. गवंडी तो सपाट बसवतो, मग ॲल्युमिनियमवाला गवंड्याला नावं ठेवतो, गवंडी त्याला, आणि आपण रात्री दोन वाजता खिडकीत जुनी चादर कोंबत बसतो. तीन ट्रॅकची खिडकी घेतली तर डासांच्या जाळीचा पल्ला तिसऱ्या ट्रॅकमध्ये बसतो. पण जाळी लेकराला अडवत नाही हं. लहान मूल घरात असेल तर गज वेगळे, आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. त्या गजांचाही एक भाग कुलपाचा, उघडता येईल असा ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

काचेचं थोडक्यात. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. तेवढं वजन खालच्या दोन चाकांवर असतं, म्हणून चाकं चांगल्या बेअरिंगची घ्या. वाऱ्याच्या जागी टफन काच घेतलेली बरी. ती फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. एकदा भाजल्यावर मात्र ती कापता येत नाही, तेव्हा माप चौकट बसल्यावरच द्यायचं.

पैसे जमवून नव्या खिडक्या बसवायला जाऊबाईंना २०२२ उजाडलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून पुढं गेलं, तेव्हा त्या जागी प्लायवूड ठोकलेलं होतं. या वेळी बोलणी त्यांनी स्वतः केली. भावोजी शेजारी बसले होते, पण गप्प. सहा फुटांची एकच खिडकी करायची नाही, मधे विटांचा खांब घेऊन तीन-तीन फुटांच्या दोन करायच्या, हे त्यांनीच ठरवलं. वजन विचारलं. तुकडा मागितला. तो माणूस म्हणाला, “ताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” जाऊबाई म्हणाल्या, “निसर्गानं.”

चौकट बसवल्यावर त्यांनी शिवणाची टेप आणली आणि दोन्ही तिरपी मापं घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ती सारखी आली तर चौकट काटकोनात आहे, नाहीतर पल्ला कुठंतरी अडकणारच. एका खिडकीत चार मिलिमीटरचा फरक निघाला. स्क्रू सैल करून परत बसवायला लावली.

शेवटचा हप्ता द्यायच्या दिवशी त्यांनी बागेचा पाईप जोडला आणि बाहेरून प्रत्येक खिडकीवर दहा-दहा मिनिटं पाणी मारलं. तो म्हणाला, “ताई, पाणी कशाला वाया घालवताय? पाऊस आला की कळेलच की.”

“पाऊस आल्यावर फोन उचलाल का?”

आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, इकडं कोपऱ्यातून येतंय बघ!” बघितलं तर पाणी जायची भोकं सिलिकॉननं बुजलेली. त्यानं खिळ्यानं ती मोकळी केली, पुन्हा पाणी मारलं. या वेळी सगळं बाहेर गेलं. मग जाऊबाईंनी पदराला हात पुसले आणि पाकीट काढलं. दिवाण मात्र सासूबाईंनी त्याच जागी परत ठेवून घेतला, वारा छान येतो म्हणून.