माझ्यावर जादू झालीये का?

शनिवारची रात्र. रूमवर पाच जण, मध्ये वेफर्सचं फाटलेलं पाकीट आणि वीस बाजूंचा डाइस. आमच्यातल्या वॉरलॉकने राजवाड्याच्या पहारेकऱ्यावर लांबूनच 'हेक्स' टाकला. हेक्स म्हणजे शाप, आपल्याकडची करणीच म्हणा ना. समोरच्याची एक क्षमता निवडायची. मग तासभर त्या क्षमतेचा कस लागला की त्याने दोन डाइस टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. आम्ही 'विस्डम' निवडली. या खेळात नजर आणि कान त्यातच येतात, त्यामुळे आम्ही भिंतीवरून चढताना त्याला दिसू नये एवढीच माफक अपेक्षा. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, ''पण आपल्यावर जादू झालीये हे त्याला कळलं का?''

झालं. पुढचा पाऊण तास खेळ बंद, भांडण चालू.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच एपिसोडमध्ये ती पोरं बेसमेंटमध्ये बसून खेळतात ना, तेच हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेलं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात.

तर, कळतं का? गंमत म्हणजे पुस्तकांनीच यावर मत बदललंय. तिसऱ्या आवृत्तीत नियम असा होता की न दिसणाऱ्या जादूतून जो वाचतो त्याला नुसत्या झिणझिण्या येतात, कोणीतरी आपलं वाईट चिंतलंय एवढंच जाणवतं. जो फसतो त्याच्यासाठी असं काही लिहिलेलंच नाही. मला हे फार खरं वाटतं. फसलेल्याला आपण फसलोय हे कुठे माहीत असतं! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने झिणझिण्या काढून टाकल्या. वीज कोसळली तर कोणालाही कळेल, पण परिणाम दिसण्यासारखा नसेल तर समोरच्याला 'कदाचित' कळणार नाही, असं ते पुस्तक म्हणतं. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तो 'कदाचित'ही गेला. कळत नाही, विषय संपला.

संपला म्हणजे, जादूपुरता. कारण हेक्स टाकायला मंत्र पुटपुटावा लागतो, हातवारे करावे लागतात. शाप दिसत नसला तरी झाडाआड हात फिरवणारा येडा दिसतोच की! सॉर्सररला 'सटल स्पेल' घेऊन मंत्र आणि हातवारे दोन्ही गाळता येतात. आमच्या वॉरलॉककडे ती सोय नव्हती.

काही मंत्रांना मात्र मुद्दाम किंमत लावलेली आहे. 'चार्म पर्सन' तासभर चालतो आणि उतरला की समोरच्याला कळतं, याने आपल्याला मोहिनी घातली होती. दुसऱ्याच्या मनातलं वरवरचं ऐकलं तर पत्ता लागत नाही. खोल शिरायला गेलात की लागतो. आमच्या एका हिरोला सरायमधल्या मुलीवर 'चार्म' टाकायचा होता. डीएम शांतपणे म्हणाला, ''टाक. तासाभराने तिला सगळं कळणार आहे. मग तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहशील तेवढं सांग.'' हिरोने पैसे देऊन जेवण मागवलं.

पण खरी गोची होते ती जादू आपल्याच पात्रावर झाली की. डीएमने ''सेव्ह रोल कर'' म्हटलं की टेबलावर सगळ्यांना कळतं, काहीतरी शिजतंय. म्हणून आमच्या आधीच्या डीएमने एकदा रोल स्वतःच लपून केले. तीन सेशन एका मैत्रिणीचं पात्र एका सरदाराच्या मोहिनीखाली होतं. ''तुला तो विश्वासू वाटतो,'' एवढंच तो सांगायचा. तिने त्या सरदाराला आमचा नकाशा दिला, आम्ही तिला येताजाता टोमणे मारले. गुपित फुटल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. ती नाही. ''पात्राला माहीत नव्हतं, ठीक आहे. मला का नाही सांगितलंत? तीन आठवडे मला वाटत होतं, मी मूर्खासारखी खेळतेय.'' पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

तिला परत आणायला महिना गेला. आता आमच्याकडे मोहिनी पडली की डीएम त्या खेळाडूला व्हॉट्सॲप करतो. पात्र अंधारात, माणूस नाही. आणि खरं सांगू? मजा वाढलीच. ती आता इतकं बेमालूम गद्दार खेळते की आम्हाला पत्ता लागत नाही. शिवाय टेबलावर एक 'एक्स कार्ड' असतं. जॉन स्टॅव्हरोपुलॉस या गेम डिझायनरची ही आयडिया: फुली काढलेला कागद, त्याला हात लावला की सीन तिथेच बदलायचा, कारण कोणी विचारायचं नाही. आमचं कार्ड बसच्या तिकिटामागे काढलेलं आहे.

हां, तो पहारेकरी. डीएमने दोन डाइस टाकले: १७ आणि ४. चार धरला. त्याला ना शाप कळला, ना आम्ही दिसलो. पण गेटवर पहारेकरी दोन होते, आणि दुसऱ्यावर हेक्स नव्हता.