डेंपो, महिंद्रा, होंडा: कंपनीच्या फुटबॉल क्लबवरून संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा

पेट निघाली, गाईड मिळाले, आता आरआरसीपुढे सिनॉप्सिस ठेवायचा आहे. आणि शीर्षकात तुम्ही लिहिलंय 'अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम: एक अभ्यास'. या 'परिणाम' शब्दावर समिती हमखास थांबते. परिणाम आहे हे कशावरून? दुसऱ्या कशाचा नसेल कशावरून? इथं अडखळलात तर शीर्षक बदलून या म्हणतात आणि पुढच्या बैठकीपर्यंत सहा महिने सहज जातात. राजेहो, फेलोशिपचं घड्याळ तेवढ्यात थांबत नाही.

म्हणून आज एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. मी रसायनशास्त्रवाली, त्यामुळे माझ्या विषयातलं उदाहरण दिलं तर निम्मे वाचक पळतील. फुटबॉल घेते. मनीषनगरातल्या चहाच्या टपरीवर क्रिकेटच जास्त चालतं हे मान्य, पण कामठी आपल्यापासून लांब नाही आणि तिथं फुटबॉल म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको.

प्रश्न असा: कंपनीनं चालवलेला फुटबॉल क्लब बंद का पडतो?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: कंपनीचे पैसे संपले की क्लब संपतो. बरोबर वाटतं ना? आता मुंबईचा महिंद्रा युनायटेड घ्या. 1962 साली कंपनीचा संघ म्हणून सुरुवात. 2003 आणि 2005 चा फेडरेशन कप, 1998 आणि 2008 चा ड्युरँड कप, आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग. 2009-10 चा हंगाम संपल्यावर कंपनीनं हा संघ बंद केला. कंपनी तेव्हा डबघाईला आली होती का? अजिबात नाही, त्या आर्थिक वर्षात तिचा नफा वाढला होता. कंपनीनं सांगितलेलं कारण वेगळंच होतं: आता शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष देणार. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीनं संघ गुंडाळला. 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ होता तो. लीगमधून पुरेशी प्रसिद्धीच मिळत नाही, अशी कंपनीची तक्रार होती.

म्हणजे आपलं पहिलं उत्तर पहिल्याच उदाहरणात अडकलं. पण इथं घाई नको. एक उलटं उदाहरण सापडलं म्हणून 'पैशाचा संबंध नाही' असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की पैसे संपणं ही आवश्यक अट नाही, पैसे असतानाही क्लब बंद होतो. 'आवश्यक' आणि 'पुरेसं' हे दोन शब्द सिनॉप्सिसमध्ये नीट वापरलेत तर समितीचे निम्मे प्रश्न तिथंच संपतात.

आता गोव्याकडे चला. खरी गंमत तिथं आहे.

गोव्यातले दोन मोठे क्लब, डेंपो आणि साळगावकर, खाणमालक घराण्यांचे. डेंपोनं 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी पाच वेळा देशातली अव्वल लीग जिंकली. या यशामागे प्रशिक्षक आर्मांडो कोलासो. 2008 मध्ये संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. साळगावकरनं 1998-99 आणि 2010-11 ची लीग घेतली. मग 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, आधी राज्य सरकारचा आदेश आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा. 2014-15 च्या हंगामाअखेर डेंपो खालच्या विभागात घसरला. 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीग सोडली.

गोष्ट तयार आहे की नाही? खाण बंद, पैसा बंद, क्लब बंद. तीन ओळींत प्रबंध. अशी गोष्ट सापडली की आपल्याला फार आनंद होतो, आणि नेमकं तेव्हाच सावध व्हायचं असतं.

करायचं काय, तर तारखा एकाखाली एक लिहायच्या. डेंपो समूहानं आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच सेसा गोवाला विकला होता, सुमारे 1,750 कोटी रुपयांना. म्हणजे 2012 ची बंदी आली तेव्हा डेंपोकडे बंद पडायला खाणच नव्हती! आणि व्यवसाय विकल्यानंतर क्लबनं काय केलं? 2009-10 आणि 2011-12, अशा दोन लीग जिंकल्या. कारण आधी आणि परिणाम नंतर, हा तर साधा नियम. इथं पुढचा नियमही दिसतो: कारण ज्याच्यावर लागूच होत नाही, त्याच्यावरही तोच परिणाम दिसत असेल, तर तुम्ही चुकीच्या कारणाला धरून बसला असण्याची शक्यता मोठी.

साळगावकरचं बघा. बंदीनंतर तो क्लब आणखी चार वर्षं वरच्या लीगमध्ये खेळत राहिला. तिघांनी मिळून 2016 मध्ये बाहेर पडताना दिलेलं कारण खाणीचं नव्हतंच. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली होती. तिलाच देशातली पहिली लीग करायची आणि आय-लीगला खाली ढकलायचं, असा आराखडा महासंघानं मांडला होता. त्याला विरोध म्हणून हे क्लब बाहेर पडले. शिवाय 2014 मध्ये एफसी गोवा हा सुपर लीगचा संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या मालकांत श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर हे दोघंही होते. तेच लोक, तोच खिसा, पण पैसा दुसऱ्या दारातून जाऊ लागला. याला आपण काय म्हणणार, पैसे संपले की पैसे वळले?

खाणबंदी आणि क्लबची घसरण यांच्या मध्ये येऊन बसणाऱ्या अशा तिसऱ्या घटकाला संशोधनाच्या भाषेत कन्फाउंडर म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही तो काढून टाकू शकतो: दोन परीक्षानळ्या, सगळं सारखं, फरक फक्त एका गोष्टीचा. गोव्याच्या इतिहासाला अशी दुसरी परीक्षानळी नाही. तिथं खाणबंदी आणि नवी लीग दोन वर्षांच्या अंतरानं आल्या आणि एकमेकींत मिसळून गेल्या. खाणबंदीचा काहीच वाटा नव्हता असंही मी म्हणत नाहीये बरं का. गोव्याची सगळी अर्थव्यवस्थाच तेव्हा हलली होती. फक्त तो वाटा वेगळा काढायचा तर नुसता गोवा बघून भागणार नाही.

मग दुसरी परीक्षानळी कुठून आणायची? शोधावी लागते. यासाठी जपान.

जपानमध्ये 1965 पासून कंपन्यांच्या संघांची लीग होती: मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा इलेक्ट्रिक, यानमार वगैरे. 1993 मध्ये व्यावसायिक जे-लीग सुरू झाली आणि तिनं अट घातली की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्स झाला, हिताचीचा काशिवा रेसोल. आता शिझुओका प्रांतातले दोन संघ घ्या. इवाता गावात यामाहाचा, शेजारच्या हमामात्सूत होंडाचा. दोन्ही कंपन्या मोटरसायकलवाल्या, दोन्ही संघ जुन्या लीगमधले. यामाहाचा संघ ज्युबिलो इवाता या नावानं 1994 मध्ये जे-लीगमध्ये गेला, 1997, 1999 आणि 2002 ला विजेता झाला, आणि पुढे दुसऱ्या विभागातही घसरला. होंडा एफसी मात्र कंपनीचंच नाव लावून हौशी जेएफएलमध्ये राहिला. 2014 पासून ती देशातली चौथ्या पायरीची लीग आहे. खेळाडूंपैकी बहुतेक कंपनीचे कर्मचारी. वर जाणाऱ्या महत्त्वाकांक्षी क्लबांना होंडाला हरवूनच जावं लागतं म्हणून त्याला 'जेएफएलचा द्वारपाल' म्हणतात. 2016 ते 2019 सलग चार वर्षं ती लीग त्यानंच जिंकली. 2019 च्या एम्परर्स कपमध्ये तर या नोकरदार पोट्ट्यांनी चक्क उरावा रेड्सला 2-0 नं हरवलं.

प्रांत तोच, उद्योग तोच, काळ तोच, निर्णय वेगळा. ही जुळवलेली जोडी. परीक्षानळीइतकी स्वच्छ नाही, पण समितीपुढे बोलता येईल इतकी नक्कीच.

आता खड्डा. होंडा बघून तुम्ही लिहाल की 'क्लब खालच्या लीगमध्ये समाधानानं राहिला तर टिकतो'. त्याच जेएफएलमध्ये सोनी सेंदाई होता, 1968 मध्ये स्थापन झालेला, कंपनीचाच, 2015 चा विजेता. तोही खालीच समाधानी होता. 2024 च्या हंगामानंतर तो बंद केला. होंडा आज दिसतो म्हणून आपल्या नमुन्यात येतो, सोनी सेंदाई उद्या विसरला जाईल. टिकलेल्यांकडूनच टिकण्याचं कारण विचारायचं, याला सर्वायव्हरशिप बायस म्हणतात. आपल्याकडे एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013 मध्ये परवान्याच्या निकषांवरून आय-लीगबाहेर गेले. कंपनी श्रीमंत आहे की गरीब हा प्रश्नच तिथं नव्हता, क्लबचा संघटनात्मक ढाचा पाहिला गेला. तुमच्या यादीत हे दोन नसतील तर यादी सदोष आहे.

आणि डेंपो? तो 'बंद पडलेले' या रकान्यात घालून मोकळे होऊ नका. आय-लीग सोडल्यावरही क्लब गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, आणि 2024 मध्ये आय-लीग 2 मधून परत वर आला. तुमचा अभ्यास 2016 ला संपतो की 2024 ला, यावर डेंपो मेला की जगला हे ठरणार! म्हणून कालखंड शीर्षकातच लिहा आणि तोच का घेतला याचं एक वाक्य तयार ठेवा. 'बंद पडणं' म्हणजे काय याची व्याख्याही तिथंच: संघ मोडला, लीग सोडली की खालच्या विभागात गेला? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आपला प्रश्न आता कसा दिसतो? 'खाणबंदीचा गोव्याच्या फुटबॉल क्लबांवर परिणाम' असा नाही. 'अव्वल लीगची रचना बदलल्यावर कंपनीपुरस्कृत क्लबांनी घेतलेले निर्णय: गोवा, 2009 ते 2024' असा काहीसा. लांबट आहे, पण यातला प्रत्येक शब्द तुम्ही समितीपुढे राखू शकता. आणि '2009 का?' असं विचारलं तर तुमच्याकडे विक्रीची तारीख आहे.

शेवटचं, साधनांबद्दल. कंपन्यांचे वार्षिक अहवाल मिळतात, पण शेअर बाजारात नसलेल्या घराण्यांच्या कंपन्यांत क्लबवरचा खर्च वेगळा दाखवलेला असेलच असं नाही. मग जुनी वर्तमानपत्रं आली. गोव्यातले 'नवहिंद टाइम्स' आणि मराठी 'नवप्रभा' डेंपो समूहाचेच, हे फाईल उघडण्याआधी वहीत लिहून ठेवा. पर्याय म्हणून 'गोमन्तक' काढाल, तर तो चौगुले या आणखी एका खाणमालक घराण्यानं 1962 मध्ये सुरू केलेला. दोन्ही चाळा, आणि त्याच आठवड्याचा मुंबईचा एखादा अंकही शेजारी ठेवा.